डॉक्टरांना मीच सांगितलं

१४ मार्च, शुक्रवार

धाकटे,

आशीर्वाद. मी धडधाकट आहे, शिलाई मशीन चालू आहे, लेक वेळेवर जेवायला घालते. तुझा गुडघा कसा आहे?

आता भांडणाचं. लेक मला स्मरणशक्तीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. आधी रक्त तपासलं. म्हणे थायरॉइड बिघडलं तरी माणूस विसरतो. मग मेंदूचा स्कॅन. मग परीक्षा. पाच शब्द ऐकवले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. वजाबाकी फटाफट केली. चाळीस वर्षं कापड मापलंय. मग शब्द विचारले. दोनच आठवले. मी म्हटलं, "बाकीचे तीन तुमच्या तरी लक्षात आहेत ना?" त्या हसल्या, पण लिहून घेतलं.

मग कळलं, त्यांनी तुला फोन केला होता. जवळच्या माणसाला विचारावंच लागतं म्हणे. आणि तू सांगितलंस, ताईने एका कोटाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. माझ्या पाठीमागे! महिनाभर तुझा फोन उचलला नाही, तो विसरले म्हणून नव्हे.

बाह्यांचं खोटं नव्हतं. पण तुला फारच थोडं ठाऊक होतं. परवा मी एकटी जाऊन बाईंना उरलेलं सांगून आले. एकदा आपल्याच गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळायचं की उजवीकडे, कळेना. विचारायची लाज वाटली, म्हणून भाजीवाल्याकडे तासभर टोमॅटो निवडत बसले.

आणखी एक. मी लेकीला विचारलं, धाकटीचे यजमान हल्ली येत का नाहीत? त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, गं. लेकीने तुला हे सांगितलं नसेल. मी सांगतेय.

बाई म्हणाल्या, सगळं मिळून अल्झायमरची सुरुवात दिसते. गोळ्यांनी काही काळ आधार मिळेल, बरं होणार नाही. मी विचारलं, "मशीन चालवू?" म्हणाल्या, "चालवा." बस्स. लगेच घरी येऊन एक पँट उसवून पुन्हा शिवली.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. तू ये. माझ्या शेजारच्या खुर्चीत बस आणि दिसेल ते माझ्या तोंडावर सांग. मी भांडेन, तूही भांड. पण माझ्याबद्दल कोपऱ्यात कुजबुजायचं नाही. मी अजून त्याच खोलीत आहे.

विसरले तरी तुझ्याहून मोठीच राहणारी,
ताई