माझा पेपर, सरदारबींची मुलाखत

२ डिसेंबर २०२४, सोमवार. पहाटे ५ (ठरलेली वेळ). प्रत्यक्षात ७.१०.
आजपासून रोज पाचशे शब्द. सबब नाही. पीएचडीचं हे सातवं वर्ष. विषय: बहुसांस्कृतिक इंग्रजी साहित्यातील अस्मिता. पाच चॅप्टर. टोरोंटोतल्या बर्फावरचा पूर्ण झालाय. गाईड म्हणतात अर्धा झालाय, पण त्यांनी तो पूर्ण वाचलेला नाही.
फेब्रुवारीत आमच्याच कॉलेजात राज्यस्तरीय सेमिनार. मार्चमध्ये परमनंट जागेचा इंटरव्ह्यू. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतोय, दौंडहून शिरूरला, चौफुल्याला गाडी बदलून. या पट्ट्यात मल्टिकल्चरल लिटरेचर कळणारा मी एकटाच. जागा माझ्यासाठीच निघालीय म्हणायला हरकत नाही.

९ डिसेंबर, सोमवार
शब्द: शून्य. कारण: उसाचे ट्रॅक्टर. न्हावऱ्यापर्यंत गाडी त्यांच्या मागेच.
एम.ए. भाग दोनचे प्रोजेक्ट वाटले. सहा विद्यार्थी. पाच जणांनी मी सांगितलेले विषय घेतले. सहावी सुमैया. तिचे वडील चांदभाई ट्रॅक्टरची सीट-कव्हरं शिवतात, स्टँडजवळ दुकान आहे. ती विचारत होती, मल्टिकल्चरल म्हणजे फॉरेनचंच लागतं का? तिची दादी एका वाक्यात तीन भाषा बोलते, तिच्या आठवणी घेतल्या तर चालतील का?
मी हसलो. साहित्य म्हणजे छापलेलं, हे समजावलं. मग मोठ्या मनानं म्हटलं, कर. थिअरी मात्र मला विचारून घाल. मुलांना दिशा लागते.

२३ डिसेंबर, सोमवार
शब्द: चाळीस. शीर्षक धरून.
लवकर उठण्याचा प्रयोग बंद केला. मी मुळात दुपारी विचार करणारा माणूस आहे.

८ जानेवारी २०२५, बुधवार
सुमैयानं बासष्ट पानं आणून दिली. दादीच्या, म्हणजे सरदारबींच्या, बारा मुलाखती. बाई बोलल्या तसं शब्द न् शब्द, खाली इंग्रजी भाषांतर. सोबत रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह. टायपिंगच्या चुका बऱ्याच. स्टेपलरची पिन उलटी मारलेली.
घरी चाळायला घेतलं आणि उठलोच नाही. पान एकवीसवर एक वाक्य: ‘मेरा आधा जनम परदेस में गया.’
अंगावर काटा. डायस्पोरा! मायदेशापासून तुटलेली माणसं! इथं, शिरूरमध्ये! पोरीला कळलेलंसुद्धा नाही तिच्या हातात काय आहे. असं वाक्य सापडायला दृष्टी लागते.
पेनड्राइव्ह ऐकला नाही. टाइप केलेलं असताना पुन्हा ऐकण्यात वेळ कोण घालवणार.

१९ जानेवारी, रविवार
पेपर तयार. तीन दिवसांत तीन हजार शब्द! सात वर्षं मी स्लो आहे म्हणणाऱ्यांनी बघावं. सरदारबींचं वाक्य मधोमध. आजूबाजूला फाळणी, विस्थापन, समुद्रापलीकडची आठवण. टोरोंटोचे दोन परिच्छेद जसेच्या तसे बसले.
सुमैयाचं नाव शेवटी आभारात घातलं होतं. शब्दमर्यादेमुळे काढावं लागलं.
नीलमला वाचून दाखवला. बायको असली तरी ती पाटसच्या झेडपी शाळेत शिकवते, तेवढं समजतं. तिनं विचारलं, हे सगळं त्या मुलीनं लिहून आणलेलं ना? मी म्हणालो, डेटा तिचा, दृष्टी माझी. ती म्हणाली, मग नुसती दृष्टी छापा. घरातल्या माणसांना संशोधन समजावत बसू नये, असा आजपासून नियम.

२७ जानेवारी, सोमवार
सुमैया पानं परत मागत होती. सांगितलं, छाननी चालू आहे. एका अर्थी खरंच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
सेमिनार झाला. माझा पेपर दुपारच्या सत्रात. वाचन उत्तम. हॉल शांत. मागचे दोघे झोपले होते, पण जेवणानंतरचं सत्र होतं.
बाहेरून आलेल्या अध्यक्ष मॅडमना पेपर फार आवडला. त्यांनी विचारलं, या मुलाखती कोणी घेतल्या? मी म्हणालो, मी. मग त्यांनी विचारलं, बाई मूळच्या कुठल्या? मी म्हणालो, बहुधा सरहद्दीपलीकडच्या.
सुमैया दाराशी नोंदणीच्या टेबलावर बिल्ले वाटत होती. ती उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही.
“मॅडम, ती माझी दादी आहे. परदेस म्हणजे शिरूर. तिचं माहेर दौंड.”
हॉल हसला. मीही हसलो, संशोधकाला विनोदबुद्धी हवी. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी सुमैयाला विचारलं, रेकॉर्डिंग किती दिवस चाललं? ती म्हणाली, तीन आठवडे, दादीची दुपारची नमाज झाली की. मॅडमनी तिचं नाव लिहून घेतलं. मला म्हणाल्या, छापायचं असेल तर त्या बाईंची लेखी संमती आणा, आणि मुलाखत घेणाऱ्याचं नाव बरोबर लिहा.
किरकोळ गोंधळ आहे. शिरूर हे रूपक म्हणून घेतलं तर पेपर उलट जास्त मजबूत होतो. बसमध्ये तेच नोट करून ठेवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
तासाला सुमैया आली. पहिल्या बाकावर बसली, नोट्स घेतल्या, काही विचारलं नाही. म्हणजे नाराज नाही. इतर पाच जण माझ्याकडे बघत नव्हते. परीक्षेचं टेन्शन असणार.

६ मार्च, गुरुवार
संमतीपत्र घेऊन चांदभाईंच्या घरी गेलो. पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू, त्याआधी पेपर स्वीकारल्याचं पत्र हवं. फॉर्म घरूनच भरून नेला होता. मुलाखत घेणारे: मी. पेन ज्याच्या हातात, त्याचंच नाव पहिलं सुचतं.
सरदारबी पलंगावर बसल्या होत्या. पंचाहत्तरच्या असतील, नजर तेज. मी कुठला म्हणून विचारलं. दौंड ऐकल्यावर हात जोडून म्हणाल्या, “मग माझ्या म्हायेरचंच की तुम्ही.” सुमैयाला चहा टाकायला सांगितला. ती आतूनच हो म्हणाली.
कागदावर काय लिहिलंय ते त्यांना मराठीत ऐकायचं होतं. मी सोपं करून सांगितलं, की तुम्ही तुमच्या मातीपासून तुटलात, त्या वेदनेवर मी लिहिलंय.
त्या म्हणाल्या, “माती न्हाई, सर. अम्मा.”
मग सांगू लागल्या. लग्नाला चार वर्षं झालेली. दौंडहून निरोप आला, अम्मा आजारी. सासरचे म्हणाले, बाजार होऊ दे, मग जा. बाजार झाला, मग पाहुणे आले. आठव्या दिवशी पोचल्या, तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. अम्माची ओढणी तेवढी दोरीवर वाळत होती, ती कोणी काढलीच नव्हती.
“पन्नास किलोमीटर तर हाय. पर जाऊच दिलं न्हाई, तर परदेसच की.”
घरी आल्यावर तपासलं, हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये होतं. पेनड्राइव्हवर. पान एकवीसच्या पुढच्याच पानावर छापलेलंसुद्धा होतं. मी एकवीसवर थांबलो होतो.
तरी मी फॉर्म पुढे केला. पेन उघडून दिलं. का, ते आता लिहायला बसलोय तरी सांगता येत नाही. त्यांनी सुमैयाला वाचायला बोलावलं. तिनं वाचलं, आणि एका ओळीवर थांबली. दादीनं विचारलं, कुणाचं नाव हाय? ती म्हणाली, सरांचं.
सरदारबी माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. खरंच आठवत असल्यासारखं.
“तुम्ही कवा आला हुता, सर?”
मी म्हणालो, आज.
फॉर्म त्यांनी नीट घडी घालून परत दिला. मी चहा संपवला. बशी ठेवताना बघितलं, कप एकच होता. रोजे चालू होते.
बहुसांस्कृतिक साहित्याचा अभ्यासक. सात वर्षं.

७ मार्च, शुक्रवार
कालचं शेवटचं वाक्य भावनेच्या भरात लिहिलं गेलं. खोडत नाही, पण त्याच्याशी सहमत नाही. पेपर मागे घेतला. स्वतःहून घेतला, हे महत्त्वाचं.

२१ मार्च, शुक्रवार
निकाल लागला. जागा मोनाली नावाच्या कोणा अठ्ठावीस वर्षांच्या मॅडमना. मी प्रतीक्षा यादीत तिसरा. यादी तिघांचीच आहे. इंटरव्ह्यूत मला सेमिनारबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. सगळ्यांना माहीत होतं म्हणून, की कोणालाच माहीत नव्हतं म्हणून, ते ठरत नाही. नीलमनं यादी पाहिली आणि विचारलं, त्या मुलीची पानं परत दिलीत का? दिलेली नव्हती.

२४ मार्च, सोमवार
पानं दिली. पिन सरळ करून. तिनं मोजली नाहीत.
माफी मागणार होतो. तेवढ्यात तासाची बेल झाली. बेल झाल्यावर पाच मिनिटं वेळ असतो, हे मला अकरा वर्षं माहीत आहे.

२ एप्रिल, बुधवार
ऑफिसातून फॉर्म आला. सुमैयानं प्रोजेक्टचा गाईड बदलून मागितलाय. जुन्या गाईडची सही लागते. मी पूर्ण फॉर्म दोनदा वाचला. काय लिहिलं असेल त्याला उत्तर तयार ठेवलं होतं, मुद्देसूद, तीन भागांत.
कारणाच्या रकान्यात तिनं एकच शब्द लिहिलाय: वैयक्तिक.
खरं कारण लिहिलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं.