ताणाच्या तारेजवळ

दिंडोरी, जि. नाशिक

ती. आईस, तुझ्या सारिकाचा वाकून नमस्कार.

"द्राक्षांचा मांडव पडला तर काय करशील?" असं तू फोनवर विचारलंस. त्याचंच उत्तर इथे लिहितेय.

बाकी ठीक आहे. वेळेवर जेवते. आपल्या छोट्या लोडरला पहिलं काम मिळालंय. पुंजारामकाकांच्या द्राक्षबागेच्या कडेने मुरूम पसरायचा, म्हणजे मालाच्या गाड्या आत येतील. जेसीबी तिथे मावत नाही.

पण रस्त्याला लागूनच मांडव ताणून धरणाऱ्या, ताणाच्या तारा आहेत. एक तुटली तरी घडांनी लगडलेला मांडव खाली बसेल. डोळे मिटले की मला तेच दिसतं.

लोडर जागच्या जागी वळतो, तेव्हा त्याची मागची बाजू झपकन फिरते. आपला ऑपरेटर गोरक्ष ट्रॅक्टरसारखा बेधडक वळवतो. काल मागची बाजू घासली आणि तार थरथरली. तो हसला, "ताई, घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएट तुम्ही, अन् तारेला घाबरता?"

घाबरते, आई. काकांचं अख्खं वर्ष त्या तारांवर टांगलेलं आहे. त्यावर बेफिकिरीने धंदा उभा करायचा नाही मला.

दादाचा खोकला कमी झाला का? कांद्याची लागण उरकली?

मशीनवर स्वतः बसणार नाही, असं मी तुला कबूल केलं होतं. रागावू नकोस. आज सकाळी गोरक्षला कामावरून कमी केलं आणि काकांना सगळं सांगितलं. ते तारेपाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "बस मग तूच. पण लय हळू, पोरी."

मी बसले.

तुझी,
सारिका