ठमीचं वेळापत्रक

दि. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र का, याचं नवल वाटून घेऊ नकोस. आमच्याकडे फोन वाजला की ठमी दचकून उठते, आणि मी फोनवर बोललो तरी उठते. माझा आवाज लहानपणापासून फाटका, हे तूच सांगत आलीस. पेनाला आवाज नाही, म्हणून पत्र.

ठमी अडीच महिन्यांची झाली. दूध छान पिते, वजन चांगलं आहे, हसते तेव्हा तर जीव ओवाळून टाकावा. फक्त झोपत नाही. रात्री दर थोड्या वेळानं जागी, दिवसा कधी डुलकी, कधी नुसता गोंधळ. ही तिला घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत असते. मी उठतो, पण मी घेतली की ठमीबाई सूर आणखी वर लावतात.

महिनाअखेर हिची रजा संपते. आधी डेपोत बस चालवून दाखवायची, मगच हिचा जुना रूट हिला मिळणार. बाजारापासून नदीपलीकडच्या दवाखान्यापर्यंतच्या त्या रूटवर हिचा किती जीव आहे, तुला ठाऊक आहे. पण डोळ्याला डोळा नसताना ही बसभर माणसं घेऊन कशी जाणार? या विचारानं माझीही झोप उडाली आहे.

शेवटी मी माझं कसब वापरलं. अख्ख्या शहरातल्या बसची वेळापत्रकं मी लावतो, मग एवढ्याशा पोरीचं लावता येऊ नये? रंगीत तक्ता केला, दूध हिरवं, झोप निळी, खेळ पिवळा, आणि कपाटाच्या दाराला लावला. ठमीनं पहिल्याच दिवशी त्याचा बोऱ्या वाजवला. मग एक युक्ती सुचली. बस उशिरा धावायला लागली की आम्ही शेवटच्या थांब्यावरची चालकाची विश्रांती कापतो. गाडी पुन्हा वेळेवर येते. तशी ठमीची दुपारची झोप कापायची. दिवसभर जागी राहिली की रात्री दमून गाढ झोपेल. हिला पटलेलं नाही, पण वाद घालायलाही हिच्यात त्राण नाही.

तू औषधांच्या दुकानात आहेस. लहान मुलांच्या झोपेचं काही सौम्य औषध असेल तर एक बाटली पाठव. भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, या वेळी तो पार्सलातून दिसू दे.

तुझा,
धाकटा


दि. ८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. औषध मिळणार नाही. एक थेंबसुद्धा नाही. दुकानात असलं काही मागायला येणाऱ्यांना मी हात हलवत परत पाठवते. तू तर सख्खा भाऊ, तुला चार शब्द जास्त ऐकवीन. एवढ्याशा जिवाचा श्वास अशा औषधानं मंदावू शकतो. पुन्हा त्याचं नाव काढू नकोस.

आणि बाबा रे, पोर म्हणजे बस नव्हे. या वयाचं बाळ फार वेळ जागं राहूच शकत नाही. दूध झालं, लंगोट बदलला, चार गप्पा झाल्या की संपलं, पुन्हा झोप. ती वेळ घड्याळ सांगत नाही, ठमी सांगेल. मान वळवेल, नजर कुठेतरी लावून गप्प होईल, भुवया लालसर होतील, जांभई देईल. तेव्हाच निजवायची. ती वेळ हुकली की पोर दमून चिडतं, आणि चिडलेल्या पोराला झोप लागत नाही. म्हणजे दुपारची झोप कापून तू रात्रीचीच कापतोयस. दिवसा खिडक्या उघड्या ठेव, भांडी वाजली तर वाजू दे. रात्री मात्र अंधुक दिवा, गप्पा नाहीत, खेळ नाही. उताणी निजव, पाळण्यात उशी, गोधडी, खेळणी काही नको. एवढं करूनही ती रात्री उठेलच, पोट एवढंसं असतं. माझी दोन्ही उठायची. तुझ्या भावोजींनी तर एकदा अर्धवट झोपेत बाळ समजून उशीला थोपटून थोपटून निजवलं होतं, आणि बाळ शेजारी टाहो फोडत होतं.

सारथीबाईचं काय चाललंय? एरवी तुझ्या पत्राच्या समासात तिच्या दोन खोडकर ओळी असतात, या वेळी एक अक्षर नाही. ती कशी आहे ते लिही. ठमीचं नव्हे, तिचं.

माया आहे म्हणून ओरडते, आणि ओरडत राहीन.

तुझी,
ताई


दि. १३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे खडे बोल पोचले. तुझं म्हणणं गिऱ्हाइकांना ठीक आहे, पण नवं वेळापत्रक अंगवळणी पडायला वेळ लागतोच. सुरुवातीला लोक शिव्या घालतात, मग निमूट थांब्यावर उभे राहतात. म्हणून मी नेट धरला आहे. दुपारी ऑफिसातून लवकर निघतो. ठमीचे डोळे मिटायला लागले की तळव्यांना गुदगुल्या करतो, खुळखुळा वाजवतो, खांद्यावर घेऊन जिन्यात फिरतो. परवा वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली येऊन मुलीला काही दुखतंय का, असं विचारून गेले. मी म्हटलं, काही नाही, सवय लावतोय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझीच दाढ उपटायची आहे. रात्री मात्र ती पूर्वीपेक्षा जास्त उठते. असं का होतंय, डोकं चालत नाही.

ही ठीक आहे. जरा गप्प असते. चहात साखरेऐवजी मीठ घालते, कपाट उघडते आणि कशाला उघडलं ते विसरते. काल डेपोच्या मैदानात सरावाला गेली होती, तिथे फाटकाच्या खांबाला लागून बसचा आरसा फुटला. तसं फार काही नाही, आरसाच तो. पण ऐकून मला दरदरून घाम फुटला. म्हणून मी मॅनेजरसाहेबांना सांगून ठेवलं आहे की हिचा रूट सध्या दुसऱ्या कुणाला द्या, ही वर्षभर घरीच राहील. हिला अजून बोललेलो नाही. जरा निवांत वेळ बघून सांगेन. हिच्याच भल्याचं आहे. तुला पटतंय ना? लगेच लिही, माझं मन थाऱ्यावर नाही.

रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. १६ मार्च

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नका. पेन हातात घेतलं की डोळे मिटायचे आणि मी आडवी झाले की टक्क उघडे राहायचे.

आज डेपोत चाचणीची तारीख विचारायला गेले. मॅनेजरसाहेबांनी प्रेमानं बसवून घेतलं, बाळाची चौकशी केली, आणि म्हणाले की आता निवांत विश्रांती घ्या, तुमचा रूट पुढच्या महिन्यापासून नव्या चालकाला दिला आहे, तुमच्या यजमानांनीच तसं कळवलं. मी तशीच उठून निघाले. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं. मला पहिल्यांदा चालकाच्या जागेवर बघून माणसं पुढच्या बसची वाट बघत खाली उभी राहायची, तेव्हाही मी त्या डेपोत रडले नव्हते.

आरसा माझ्यामुळेच फुटला, ताई. माझे डोळे मिटले होते. बस रिकामी होती, वेग काहीच नव्हता, म्हणून आरशावर निभावलं. अशा अवस्थेत मी कुणाला बसमध्ये घेणार नाही, हे मला कळतं. पण ते मला ठरवू द्यायला हवं होतं.

घरी आले तर ठमी यांच्या मांडीवर पेंगत होती आणि हे तिच्या तळव्यांना गुदगुल्या करत होते. ती दचकायची, रडायची, पुन्हा पेंगायची. मी तिला उचलून घेतलं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा बोलले, तेही आवाज चढवून. म्हटलं, शेवटच्या थांब्यावरची विश्रांती कापली की तक्त्यावर बस वेळेवर येते, पण चालकानं ना पाणी प्यालेलं असतं, ना पाठ मोकळी केलेली असते. पुढच्या फेरीला तो ब्रेक उशिरा दाबतो, प्रवाशांवर खेकसतो, आणि संध्याकाळी तीच बस सगळ्यांत मागे पडते. आम्ही चालक हे तुमच्या ऑफिसला सांगून सांगून थकलो. तेच तुम्ही या पोरीचं केलंत, आणि माझंही. हे बसल्या जागी तक्त्याकडे बघत राहिले. ठमी मात्र त्या भांडणातच माझ्या खांद्यावर झोपली, मी थोपटलंसुद्धा नव्हतं.

आम्ही दोघी थोडे दिवस तुमच्याकडे येऊ का? ठमी झोपली तरी मला इथे झोप येत नाही. हे उठून तक्त्याकडे जातायत का, तिकडेच कान लागलेला असतो. बॅग भरून ठेवली आहे. नुसतं हो किंवा नाही कळवा.

नणंद म्हणून कधी वागला नाहीत, आताही वागू नका.

तुमची,
सारथीबाई


दि. १८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

आशीर्वाद पत्राची रीत म्हणून लिहिला आहे, मनात राग आहे. सारथीबाईला हो कळवलंय. मागची खोली झाडून घेतली, पाळणा माळ्यावरून काढला. ती राहील तेवढे दिवस राहू दे, मला जड नाही.

पण तिचा रूट तुझ्या तोंडानं गेला, तो तुझ्याच तोंडानं परत मागायचा. सरळ साहेबांकडे जा आणि चुकलो म्हण. पुढचं तिला ठरवू दे. तू वाईट नाहीस रे. तुला भीती वाटते, आणि भीती वाटली की तू लोकांची वेळापत्रकं लावायला घेतोस. लहानपणी आई आजारी पडली तेव्हाही तू घरभर कामाच्या वाटण्या चिकटवल्या होत्यास. तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं होतं. आता बायकोचा जीव घुसमटतोय.

हे पत्र वाचून लगेच नीघ. माया नंतर बघू.

ताई


दि. ५ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालूनच साहेबांकडे गेलो. चुकलो म्हणालो. ते म्हणाले, दिलेला रूट आता काढून घेता येणार नाही. चाचणी मात्र घेऊ, आणि त्यात उतरली तर खाणीकडची पहाटेची बस रिकामी आहे. तो रस्ता खड्ड्यांचा, कुणी घेत नाही. घरी येऊन जसंच्या तसं हिला सांगितलं. हिनं फक्त चाचणीची तारीख विचारली. बॅग दाराशी तशीच राहिली, पण ही गेली नाही. का थांबली ते हिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तक्ता त्याच रात्री फाडला. दुसऱ्या दिवशी ठमीला घेऊन खिडकीपाशी सतरंजीवर बसलो. ती माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत होती, मग बटणापलीकडे कुठेतरी बघायला लागली आणि एकदम गप्प झाली. हात सवयीनं खुळखुळ्याकडे गेला, तो मागे घेतला. पाळण्यात ठेवली. थोडी कुरकुरली, छातीवर हलका हात ठेवला, आणि झोपली. इतकं सोपं होतं हे बघून मला फार लाज वाटली. मग काय करावं सुचेना. श्वास चालू आहे ना, म्हणून सारखा जाऊन बघत होतो.

रात्री अजूनही उठते. पण दूध पिते आणि पुन्हा झोपते, पूर्वीचा तो आकांत नाही. आता रात्रीचं एक दूध मी बाटलीनं पाजतो, तेवढा वेळ ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपते. हळूहळू हिच्या चेहऱ्यावर रंग आला. चाचणीला हिनं अशी बस वळवली की साहेब स्वतः मला सांगायला आले. चार दिवस झाले, ही खाणीकडची बस चालवतेय. अंधारात निघते, तोवर ठमी माझ्याकडे, मी महिन्याची रजा टाकली आहे. दुपारी येते, ठमीला घेते, जेवते आणि आडवी होते.

ही माझ्याशी बोलते, पण दूध, कपडे, किल्ल्या एवढंच. आता दुपार आहे. दोन खोल्यांत दोघी झोपल्या आहेत आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लिहितोय. हिनं मला माफ केलंय का, एवढंच मला विचारायचं आहे. रोज वाटतं, आत जावं आणि विचारावं. दारापर्यंत जातो. पण विचारायचं तर हिला उठवावं लागेल, आणि ते मी करणार नाही.

तू मात्र माझ्यावर माया ठेव.

तुझा,
धाकटा