थंड पाण्यातली काच

३ मार्च
क्रोएशियातल्या रोविनला पोचले एकदाची! प्रयोगशाळा अगदी समुद्राला लागून. सकाळी दहाला सगळे मिळून तळलेली सार्डिन मासळी खातात. प्रोफेसर तुम्पिच स्वतः बसथांब्यावर फुलं घेऊन आले होते. काम माझ्या आवडीचं: समुद्री स्पंजातलं प्रथिन साध्या थंड पाण्यात काच घडवतं, ना भट्टी ना आम्ल. घडतानाच तिच्यात रुथेनियम धातूचं संयुग अडकवून टाकायचं. निळ्या उजेडात ती काच नारिंगी पेटते.

११ मार्च
स्पंज आणून देणारे म्हातारे पाणबुडे, बार्बा लिव्यो (बार्बा म्हणजे काका), जवळ येऊन म्हणाले, पोरी, हातमोजे घाल गं, तुझ्या आधीची निवेसही या काचेच्या पाण्यात असाच उघडा हात घालायची. प्रोफेसर हसले. म्हणाले, बार्बा, आज सकाळीच बाटली उघडलीत वाटतं. आणि मोजे झाग्रेबच्या नाजूक बायांनी घालावेत. मी झाग्रेबचीच! इरेला पेटून त्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवला.

१९ मार्च
उजवी करंगळी वाकत नाही. प्रोफेसर म्हणतात, दमट हवेनं सांधे धरतात. रोज फूटपट्टीनं मोजतात मात्र. सांधेदुखी कुणी फूटपट्टीनं मोजतं?

२४ मार्च
हात निळ्या दिव्याखाली धरला. मनगटापर्यंत नारिंगी. त्यांच्या कपाटातली वही काढली. निवेस: करंगळी, मनगट, कोपर, खांदा, छाती. पुढं कोरं. त्याखाली माझं नाव, मी यायच्या आदल्या दिवशी लिहिलेलं. आणि हा माणूस माझ्यासाठी फुलं आणतो!

२७ मार्च
डाव्या हातानं लिहितेय. पूला शहरातल्या इस्पितळात हात कापायला घेतला, तर करवतीचे दात बोथट झाले. डॉक्टर म्हणाले, आमच्या हातात काही नाही. कोपर गेलं.

२९ मार्च
उतारा दे म्हणून तुम्पिचपुढे ओरडले. उतारा नाही म्हणे. निवेस असती तर तिला अभिमान वाटला असता. मी टेबलावर उजवा हात आपटला. करंगळी तुटली. दुखलं नाही, रक्त नाही. तो खाली वाकला — माझ्यासाठी नाही, तुकड्यांसाठी. हळुवार वेचले. रंग आतपर्यंत उतरलाय म्हणाला. हरामखोर!

१ एप्रिल
खांदा. तुम्पिच इथंच आहे, फूटपट्टी शोधतोय. हलू नकोस म्हणतो, तुटशील. सोमवारी नवी मुलगी येतेय, स्प्लिटची, फार हुशार —
हात जड झालाय. चांगला जड, घणासारखा. तुटला तर तुटू दे. तो पाठमोरा वाकलाय. मी उठतेय, आणि