तीन नावांची ताई

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (शिर अजून खालीच आहे. तू म्हणेपर्यंत वर करणार नाही.) तुझी कंबर कशी आहे? गुडघा? खरं तर हे फोनवरच विचारणार होतो, पण रविवारी तू घरी परत गेलीस तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस. पत्र निदान फोडून तरी बघशील, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे, तर तसं समज.

तुला माहीतच आहे, इमारतींची वेळापत्रकं जुळवणं हे माझं काम. गवंडी आपलं वेळापत्रक देतो, प्लंबर आपलं, रंगारी आपलं, आणि मी ती सगळी कॉम्प्युटरवर एका मोठ्या वेळापत्रकात ओततो. एकाच माणसाच्या अंगावर एका वेळी दोन कामं आली की तिथे लाल रेघ उमटते, मग मी कुणाला तरी फोन करून झापतो. (झापणं मला छान जमतं. घरी ते चालत नाही, ही गोष्ट वेगळी.) तर गेल्या महिन्यात घरात तीन कामं एकदम निघाली: बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन, धाकट्याचं घर बदलणं आणि माझ्या मुलीची परीक्षा. मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे! म्हटलं, ऑफिसात चाळीस माणसं हलवतो, घरातली चार-पाच काय जड आहेत? सगळ्यांकडून याद्या मागवल्या. बाबांची मी केली, धाकट्याची त्याच्या बायकोने, परीक्षेची मुलीने (तीन रंगांत). तू एका चिठ्ठीवर एकच ओळ लिहून दिलीस, ‘१४ ते २१, समुद्र, शाळेतल्या दोघींबरोबर.’ तीही टाइप केली. चारही याद्या एकत्र केल्या, बटण दाबलं, आणि काय सांगू, एकही लाल रेघ नाही! प्रिंट काढून फ्रिजवर लावली आणि चार दिवस कॉलर ताठ करून हिंडलो.

अकरा तारखेला काय झालं ते तुला मी काय सांगावं. सकाळी सातला तू बाबांना घेऊन दवाखान्यात, तिथून मुलीच्या शाळेत, तिथून धाकट्याच्या स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळायला, पुन्हा शाळेत, पुन्हा दवाखान्यात. पायाला भिंगरी लावल्यासारखी. मी ऑफिसात होतो, कारण प्लॅनमध्ये माझ्या नावापुढे ‘देखरेख’ एवढंच होतं. (ते मात्र मी शंभर टक्के पूर्ण केलं.) दुपारी तुझा फोन आला, “अरे, हे सगळं मीच करायचंय का रे?” आणि मी शहाणा काय म्हणालो? “ताई, प्लॅनमध्ये कुठेच लाल नाहीये.” तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. ते ‘बरं’ अजून माझ्या कानात आहे.

पुढे धाकट्याचं सामान दोन दिवस लांबलं, बाबांचे थेंब महिनाभर घालायचे ठरले. तारखा बदलायला मी फाइल उघडली तर स्क्रीनवर चौकट आली: अमुक ओळीवर दुसरं कुठलंच काम अवलंबून नाही, पुढे ढकलायची का? मी ओळ वाचलीसुद्धा नाही गं. ‘हो’ दाबलं. ती तुझी समुद्राची ओळ होती. तुझ्या त्या आठ दिवसांवर आमच्यापैकी कोणाचंच काही अडत नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरने ते उचलून पुढच्या वर्षी नेऊन ठेवले. तू मैत्रिणींना ‘तुम्ही दोघी जा’ असं कळवून टाकलंस. धाकट्याकडे खोकी उतरवताना तुझी निळी बॅग माझ्या हाताला लागली. आत उन्हाची टोपी आणि नव्या चपला होत्या, लेबलही काढलेलं नव्हतं. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. नंतर मैत्रिणींनी वाळूतला दोघींचा फोटो पाठवला तो तू मला दाखवलास, “छान आलाय ना?” म्हणालीस, आणि मी म्हणालो, “हो, पण जरा तिरका आहे.” माझ्या थोबाडीत का नाही मारलीस?

प्रकाश पडला तो रविवारी संध्याकाळी. फाइल उघडून बसलो होतो. तुझी भावजय चहा ठेवायला आली आणि स्क्रीनकडे बघून म्हणाली, “अहो, ही ताई, ही वन्सं आणि ही आत्या, या तिघी कोण?” माझ्या यादीत तू ताई, धाकट्याच्या बायकोच्या यादीत वन्सं, मुलीच्या यादीत आत्या. सॉफ्टवेअरला वाटलं तीन धडधाकट बायका आहेत, कामं वाटून घेतील. आणि ताई, हीच चूक गेल्या वर्षी एका कंत्राटदाराने केली होती! एकाच क्रेनला दोन नावं लिहिली आणि ती एकाच दिवशी दोन इमारतींवर नेमली गेली. त्याला मी भर मीटिंगमध्ये झापलं होतं. रविवारी तिन्ही नावं एक केली तर स्क्रीन वरपासून खालपर्यंत लालभडक. अकरा तारखेला तुझ्या नावावर बाबांचे आठ, सामानाचे दहा आणि परीक्षेचे आठ, असे सव्वीस तास होते. क्रेनसाठी मी भांडलो, तुझ्यासाठी नाही. चुकलो. याच्यापुढे कंस टाकून काही लिहीत नाही.

तुझा,
देखरेख करणारा भाऊ

ता. क. तुझ्या दोन्ही मैत्रिणींना फोन केला. आधी त्यांनी मला मनसोक्त झापलं, मग पुन्हा जायला तयार झाल्या. पुढच्या महिन्यात ५ ते १२. ही ओळ मी सगळ्यांत वर टाकली आहे आणि तिला कुलूप लावलं आहे. ती आता मलाही हलवता येत नाही.

ता. क. जाण्याआधी फक्त एक दिवस इकडे येऊन गेलीस तर बाबांचं

ता. क. वरचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझ्या भावजयीने पेन हिसकावून घेतलं. बरोबरच आहे तिचं. येऊ नकोस. थेंब मीच घालतो. रविवारपासून घालतो आहे, निम्मे गालावर पडतात. फक्त एका ओळीत एवढंच कळव, ऑपरेशन झालेला डोळा उजवा की डावा? प्लॅनमध्ये नुसतं ‘डोळा’ लिहिलं आहे. बाबांना विचारलं, तर म्हणतात, ताईला विचार.