पहिल्या निवडीत रनिंग बॅक

प्रिय मिलिंद,

वाद तू जिंकलास. हे ज्याला सांगावं असं दुसरं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे. रविवारी संध्याकाळी माझा रनिंग बॅक गुडघा धरून मैदानात बसला. दोघांनी खांद्याचा आधार देऊन त्याला बाहेर नेलं. माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टला पुढचं कुणी सांगावं लागत नाही. तो पाय टेकायला धजत नव्हता त्यावरूनच कळलं, या मोसमात आता तो परत येत नाही.

तुला जाऊन नऊ महिने झाले आणि तुला पहिलं पत्र लिहिते आहे ते अमेरिकन फुटबॉलबद्दल! काय म्हणावं?

त्या खेळाचा मला कंटाळाच होता. आपण डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला राहायला आलो, त्याच वर्षी तू लिक्सलिपच्या कामावरच्या पाच मित्रांबरोबर ते सुरू केलंस. तिकडे अमेरिकेत दर वसंतात क्लब कॉलेजातल्या नव्या खेळाडूंमधून आळीपाळीने एकेक जण निवडतात. मग त्याच नावांमधून तुम्ही सहा जण एका रविवारी दुपारी डेक्लनच्या स्वयंपाकघरात आपापले कागदी संघ निवडायचात. घेतलेला खेळाडू तो खेळतोय तोवर तुमचा. म्हणून पहिल्या निवडीला एवढं महत्त्व. आणि तुझा नियम ठरलेला: पहिल्या निवडीत रनिंग बॅक कधीच घ्यायचा नाही.

"अगं, तो चेंडू पोटाशी धरून सरळ माणसांच्या भिंतीत घुसतो. दर वेळी आपटतो. तीन-चार वर्षांत संपतो. आणि पुढच्या धिप्पाड लोकांनी वाट करून दिली तर त्या जागी कुणीही पळतो. तसला पाचव्या फेरीतही मिळतो. पहिल्यांदा घ्यायचा तो दहा वर्षं टिकणारा."

"ज्याची चारच वर्षं चांगली आहेत, त्याला ती असतानाच घ्यायला नको का?"

"तू भावनेच्या भरात बोलतेस, अनघा." आणि हसायचास. मला ते हसू आवडायचं नाही.

गेल्या वर्षी तू लॅपटॉप घेऊन पुन्हा तेच सुरू केलंस, तेव्हा मी ओरडले होते. "आठवडाभर हॉस्पिटलात मी गुडघेच बघते, मिलिंद! रविवारी तरी नको!" तू लॅपटॉप मिटलास. त्यानंतर माझ्याकडे तो विषय काढला नाहीस. तेव्हा वाटलं होतं, सुटले एकदाची. बोलू द्यायला हवं होतं रे तुला.

पण तुझंही चुकलंच. तू सगळंच दहा वर्षांच्या बेताने लावायचास. पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमाराला आपली इरा मोठी झाल्यावर जाऊ, म्हणजे तिला आठवेल. नागपूरला आई-बाबांकडे महिनाभर राहू, प्रोजेक्ट संपल्यावर. सप्टेंबरात पोटात दुखायला लागलं, तेव्हा म्हणालास, ख्रिसमसच्या सुट्टीत दाखवू. ख्रिसमसला तू हॉस्पिटलात होतास आणि जानेवारीत नव्हतास. एक्केचाळीस हे काय जायचं वय होतं?

एप्रिलमध्ये डेक्लनचा फोन आला. "युअर मॅनची खुर्ची अजून इथेच आहे, अनघा. येशील?" मी नाहीच म्हणणार होते. अंगात त्राण नव्हतं. पण इरा शेजारीच उभी होती. "इट्स डॅडीज टीम, आई. वी कान्ट जस्ट लीव्ह इट."

मग गेलो. पाच पुरुष, चहा, सँडविचेस, आणि कुठे बघावं हे कुणालाच कळत नव्हतं. तू हॉस्पिटलच्या खाटेवर बसून केलेली यादी माझ्यासमोर होती. सर्वांत वर एक प्रचंड गडी, इतरांना वाट करून देणारा, दहा वर्षं टिकणारा. माझी पाळी आली आणि मी एका रनिंग बॅकचं नाव सांगितलं.

"आर यू शुअर?" डेक्लन म्हणाला. "मिलिंदने कधीच..."

"मला माहीत आहे."

किअरन नावाचा तो शांत मुलगा हळूच म्हणाला, "फेअर प्ले टू यू." म्हणजे इथलं शाब्बास. आणि पुढच्या पाळीला तुझा प्रचंड गडी त्याने उचलला.

तो माझा विचार नव्हता, राग होता. तुझ्यावरचा. खोटं कशाला बोलू?

पण पहिले चार रविवार! दुसऱ्या सामन्यात तो पाच जणांना मागे टाकून सुटला, तेव्हा इरा सोफ्यावर उभी राहून किंचाळत होती आणि मीही. वरणभाताचं ताट लवंडलं, ते उचलायचंही सुचलं नाही. नऊ महिन्यांत त्या चार संध्याकाळी मला उद्याच्या दिवसाची धास्ती वाटली नाही.

पाचव्या रविवारी गुडघा गेला. किअरनचा गडी भक्कम खेळतोय आणि खेळत राहील. क्लब चालवायचा तर तुझंच बरोबर. मला क्लबवाल्यांनी कधीच घरी पाठवलं असतं.

एक मात्र सांगते. त्याच्या जागी लगेच दुसरा आला आणि तोही चांगला पळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा बाहेर बसला होता, तोंडावर टॉवेल घेऊन. बावीस वर्षांचा पोरगा. तुझं ते 'कुणीही पळतो'सुद्धा खरं ठरलं, आणि तेवढंच मला बघवेना. मी टीव्ही बंद केला.

दमले आहे मी, मिलिंद. सकाळी अंधारातच स्टेशन गाठायचं, दिवसभर लोकांना उभं करायचं, संध्याकाळी इराचा अभ्यास, रविवारी तुझ्या आईचा फोन. त्या विचारतात, "बरी आहेस ना गं?" मी म्हणते, हो. इथले लोक विचारतात, तर 'ग्रँड', म्हणजे मजेत, म्हणून पुढे जायचं असतं. काल त्या पोराच्या गुडघ्याची चौकशी करायला डेक्लनने फोन केला आणि शेवटी म्हणाला, "अँड युअरसेल्फ?" मी म्हणाले, ग्रँड.

पुढच्या वेळी 'ग्रँड' म्हणणार नाही. दमले आहे, एवढंच सांगेन, आणि 'इराला एक दुपार आमच्याकडे सोड' असं त्याने म्हटलं तर आढेवेढे न घेता सोडेन. घरी येऊन पडदे ओढून झोपेन. हे वचन देते तुला.

अजून तुझ्याशीच भांडणारी,
अनघा