दार आपोआप उघडत नाही

प्रिय अहो,

मी मजेत आहे. हॉस्पिटलातली ड्यूटी आता अंगवळणी पडली आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही याल त्या दिवशी मला सुट्टी नाही, म्हणून विमानतळावरून ट्रामने कसं यायचं ते नीट वाचून ठेवा.

तिकीट फलाटावरच्या मशीनमधून आधीच काढायचं आणि चढल्यावर आतल्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवायचा. शिक्का नसला तर तिकीट असूनही दंड होतो. दार आपोआप उघडत नाही, त्यावरचं हिरवं बटण दाबावं लागतं. पहिल्या दिवशी मी दारासमोर मुकाट उभी राहिले आणि ट्राम माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. सहाव्या थांब्याला उतरा.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? छोटी दूध पिते ना?

तुमच्या पत्रात शेजारच्या शिक्षिकाबाई चार वेळा आल्या. भाजी त्या आणतात, छोटीचा अभ्यास त्या घेतात, तुमच्या शर्टाची उसवलेली बाहीही त्यांनीच शिवली. गुणाच्या आहेत हो बाई. माझ्या मनात काही नाही. फक्त बाही शर्ट अंगात असताना शिवली की काढून दिल्यावर, तेवढं कळवा. आणि इकडे येताना दुसरा शर्ट घाला.

आणखी एक. कुंड्यांना पाणी घालायला येताना सासूबाईंना दारासाठी उठवायला नको, म्हणून निघताना मीच त्यांना घराची जादा किल्ली दिली होती. ती परत मागून घ्या. कुंड्या वाळल्या तरी चालतील.

सहाव्या थांब्याकडे डोळे लावून बसलेली,
तुमचीच